पंच क्रमांक दोन

मी, तातोबा ज्ञानू हारुगडे, वय त्रेसष्ट,
धंदा पूर्वी गलाई, आता काही नाही, राहणार विटा,
लेखी समजपत्रावरून पोलीस ठाण्यात समक्ष हजर झालो.
खरं तर चिंचा घ्यायला निघालो होतो.
हवालदार चोपडे म्हणाले, आण्णा, पाच मिनिटं.
अडीच तासाला तिथं पाच मिनिटं म्हणतात.

पंच क्रमांक एक, इलाही तांबोळी, झेरॉक्सवाला.
याआधी चारदा पंच झालाय,
पंख्याखालची खुर्ची त्यानं आधीच धरली होती.

टेबलावर मोबाईल. रंग निळा,
मागच्या काचेला डाव्या कोपऱ्यात तडा,
कव्हरात दहाच्या नोटेची घडी नि एसटीचा पास.
एवढं सगळं लिहून घेतलं.
शर्वरी मंडले, वय वीस, उभी.
तिनं स्टेटसला फोटो ठेवला होता,
टाकीच्या पाण्यात तरंगणारं मेलेलं कबूतर,
खाली चार शब्द: हेच पितोय आपण, विटेकर.
अर्ज आला की ही अफवा आहे.
अफवेला कलम आहे.
कबुतराला नाही.

पॅटर्न तिनं दिला की तिच्याकडून घेतला,
ते वाक्य रायटरनं दोनदा खोडलं.
फोन उघडला नि तेवढ्यात वर एक ओळ आली:
येताना दही आण.
मग चोपडेंनी विमानाचं चित्र दाबलं, नेट बंद.
मी वाचलं होतं. पंचनाम्यात ते नाही.

दुसऱ्या मोबाईलवर आमचंही चित्रण चाललेलं.
नवा कायदा, म्हणाले, आता सगळं कॅमेऱ्यासमोर.
माझी टोपी, इलाहीची जांभई,
हे कुठं जाऊन बसणार, मी विचारलं.
वर, म्हणाले,
आणि बोट पंख्याकडं केलं.

मग मशीन जोडलं. पट्टी मुंगीसारखी भरत गेली
आणि पडद्यावर चौसष्ट खुणांची एक ओळ उमटली,
आकडे नि एबीसीडी, खिचडी.
याला हॅश म्हणतात, आण्णा.
आत टिंब जरी हललं तरी ही अख्खी बदलते.
मी खुर्ची पुढं ओढली. ही माझी गल्ली.
तीस वर्षं कोइमतूरला कसोटीवर सोनं घासलंय,
रेघ बघून सांगायचो, किती खरं, किती तांबं.
म्हटलं, मग फोटो खरा का खोटा, कळलं की यावर.
नाही. बदलला नाही, एवढंच कळतं.

असला कस मी पहिल्यांदा पाहिला.
पितळ होतं, पितळच राहिलं,
घ्या सर्टिफिकेट.

पुसलेलं पण दिसंल का, पोरीनं विचारलं.
पहिल्यांदाच बोलली. चोपडे कागद चाळत राहिले.
मला उत्तर माहीत होतं.
आम्ही सोनारांची झाडलोट विकत घ्यायचो,
पोत्यानं धूळ, पायपुसणी, कारागिरांचे फाटके बनियन.
जाळायचो, धुवायचो, पुन्हा भट्टीत,
गुंजभर तरी निघायचंच.
सोनाराला वाटायचं, झाडलं म्हणजे गेलं.
आता हिची झाडलोट पुण्याला जाणार,
एका कबुतरापायी
दोन वर्षांच्या रात्री, रुसवे, मैत्रिणींचे नंबर,
जे तिनं स्वतःच्या हातानं केराच्या डब्यात टाकलं, ते सगळं.
सोनं काढल्यावर राख आम्ही कधी परत दिली नाही.
कुणी मागितलीही नाही म्हणा.

फोन चंदेरी कागदात गुंडाळला,
कँटीनमधला, चपात्यांचा. त्यावर लाख, दोरा, शिक्का.
पंचनामा वाचून दाखवला, बरोबर आहे.
सही केली. सही मराठीतच करतो मी,
तिकडं तमिळ दुकानातही तशीच करायचो.

बाहेर आलो तर टाकी समोरच.
लोखंडी शिडी, खालच्या दोन पायऱ्या गेलेल्या.
झाकण आहे का नाही, खालून दिसत नाही.
कठड्यावर कबुतरं. मोजली, अकरा.
अडीच तासात वर कुणी चढलं नव्हतं,
ठाणं ते टाकी पन्नास पावलं.

चला आण्णा, चहा मारू, इलाही म्हणाला.
म्हटलं, पाण्याचाच करतात ना?
तो हसला नाही.